सारजाबाईच्या नावाचं खोकं

भोसरीत सारजाबाईचं घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर लोक नुसतं वर बोट करायचे. आळीतली बाकीची घरं धाब्याची, नाहीतर गवतानं शाकारलेली; तिच्या नवऱ्याच्या, हिंदुरावांच्या घरावर मात्र मंगलोरी कौलं. ती सारजाबाईनंच हट्ट धरून घालून घेतली होती. दाराशी बैलजोडी, एक दुभती म्हैस, विहिरीखाली भाजीपाल्याचा तुकडा आणि बाकी माळाची बाजरी-ज्वारी. थोरली लेक चिखलीला दिलेली, मुलगा दौलत खडकीच्या कारखान्यात लागलेला. गावात चार माणसं ज्या घराचं नाव घेतात त्यातलं ते एक घर, आणि ते नाव आपल्यामुळं आहे असं सारजाबाईला मनातून वाटायचं.

ते अगदीच खोटंही नव्हतं. बाई सढळ हाताची. कुणाच्या घरी बाळंतीण असली की हिच्या म्हशीचं तूप तिथं पोचायचं. दारी आलेला वासुदेव सूपभर दाणे घेऊनच पुढं जायचा. "माझ्या दारातनं कुणी हात हलवत गेला न्हाई," हे ती बोलता बोलता दहादा म्हणायची, आणि ऐकणारेही मान डोलवायचे.

तिच्या रानात कामाला येणाऱ्या बायकांत छबूबाई नावाची एक होती. ती इथली नव्हे. बावन्न सालच्या दुष्काळात कर्जत-जामखेडकडची बरीच कुटुंबं पोटामागं इकडं आली. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहायला लागला, तेव्हा त्यांतले बरेच पुरुष बांधकामावर लागले आणि कारखान्याच्या कडेच्या माळावर त्यांची खोपटी उभी राहिली. छबूबाईचा नवरा तिथं माती वाहायचा. छबूबाई खुरपणी-काढणीला भोसरीच्या शिवारात यायची. बोलायला कमी, कामाला वाघ. सारजाबाईला ती आवडायची. दर दिवाळीला ती छबूबाईला आपलं जुनं लुगडं द्यायची, आणि ते देण्याची तिची एक रीत होती. आळीतल्या बायका ओसरीवर टेकल्या असल्या की मग ती अंगणातून हाक मारायची, "छबू, ये गं हिकडं." एकटीदुकटी असताना दिलं तर ते दिल्यासारखं तिला वाटतच नसे. अर्थात हे तिनं स्वतःशीसुद्धा कधी बोलून पाहिलं नव्हतं.

छबूबाई पुढं यायची, दोन्ही हातांनी लुगडं घ्यायची, कपाळाला लावायची आणि मान खाली घालून ओठाच्या एका कोपऱ्यानं हसायची. ते हसू आनंदाचं, असं सारजाबाई धरून चालली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही छबूबाई तिच्याकडं असायची, पण परसात भांडी घासायला. सगळ्या बायका गेल्या की मग तिला कुंकू लागायचं.

पंचावन्न सालच्या कार्तिकात एके सकाळी दारात जीप येऊन उभी राहिली. जीपमधून सुमनताई उतरल्या. सुमनताई म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत निघालेल्या दवाखान्यातल्या नर्सबाई, पुण्याच्या, इंग्रजी येणाऱ्या. टोचायला गावात येत, म्हणून ओळखीच्या. त्यांच्या मागं एक उंच, भुऱ्या केसांची गोरी बाई. कारखान्याची यंत्रं बसवायला परदेशातून जे साहेब आले होते, त्यांतल्या एकाची ती बायको. सगळे तिला मडम म्हणत. तिचा देश स्वीडन. तिथं तिची बहीण शाळामास्तरीण होती आणि मुलांना भूगोल शिकवायची. जगात कुठं माणसं कशी राहतात, काय खातात, काय पिकवतात हे मुलांना चित्रांवरून कळावं म्हणून तिनं मडमला फोटो धाडायला सांगितलं होतं. सुमनताईंना चांगलं घर म्हणून हेच घर सुचलं होतं.

पण सुमनताई हे सगळं सांगण्याआधीच मडमनं गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. सारजाबाई त्या वेळी घराशेजारच्या खळ्यावर होती. बाजरीची मळणी तोंडावर आलेली, म्हणून खळं सारवायला काढलेलं. अंगावर कामाचं जुनेर, त्याला मध्ये दंड घालून जोड शिवलेला, खांद्यावर फाटून गेलेलं. कासोटा वर खोचलेला, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. "कोन आलंय" म्हणून तिनं वर पाहिलं, आणि तेवढ्यात खटका वाजला.

"थांबा थांबा," ती म्हणाली आणि आत पळाली. हातपाय धुतले, हिरवं इरकली लुगडं नेसली, नथ घातली, कपाळभर कुंकू लावलं. मग ओसरीवर पितळी हांडे-कळश्यांची उतरंड मांडून तिच्याशेजारी पाट घेऊन बसली आणि सुमनताईंना म्हणाली, "आता काढा म्हणावं." मडमनं हसत तोही फोटो काढला.

मग गप्पा झाल्या. मडम विचारायची, सुमनताई मराठीत सांगायच्या. पाणी कुठून आणता, किती वेळ जातो, दिवसात काय काय खाता. सारजाबाईनं मोकळेपणानं सांगितलं, जरा चढवूनही सांगितलं. मग तिनं उलट विचारलं की मडमची जमीन किती? जमीन नव्हती. गुरं? नव्हती. लेकरं? एक मुलगी, तीही आजीपाशी ठेवलेली. सारजाबाईला गलबलून आलं. ना जमीन, ना गुरं, एकुलती लेक समुद्रापलीकडं आणि ही बिचारी नवऱ्यामागं परमुलखात हिंडतेय. बाईमाणूस दारातून रिकामं कसं पाठवायचं? तिनं मडमला पाटावर बसवलं, खण-नारळानं तिची ओटी भरली, ओंजळीनं गहू घातले, वर घेवड्याच्या शेंगांची पाटी जीपमध्ये ठेवून दिली. मडमचे डोळे भरून आले. ते पाहून सारजाबाईचेही आले.

त्यानंतर वर्षभर गावात हाच विषय. सारजाबाईचा फोटो विलायतेच्या शाळेत लागणार. भिंतीवर आपण इरकली नेसून, नथ घालून बसलोय आणि भुऱ्या केसांची पोरं माना वर करून बघतायत, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर पक्कं होतं. तिनं ते इतक्यांदा सांगितलं की शाळा-कमिटीच्या नानासाहेबांची बायको इंदुताई एकदा म्हणाली, "आता तुम्ही आमच्याशी कशाला बोलाल?" सारजाबाईला तेही कौतुकच वाटलं.

पुढच्या पौषात सुमनताईंनी निरोप आणला. तिकडून खोकं आलंय, सारजाबाईच्या नावानं. मडम स्वतः घेऊन येणार आहे. सारजाबाईला वाटलं, ओटीची परतफेड आली. आपण भरलेली ओटी मडम विसरली नाही. तिनं संक्रांतीचं हळदीकुंकू योजलंच होतं; खोकंही त्याच दिवशी आणा म्हणून सांगितलं, आणि नेहमीपेक्षा जास्त घरी आमंत्रणं धाडली. ज्या घरांशी येणं-जाणं नव्हतं तिथंही.

त्या दिवशी दुपारी ओसरी बायकांनी भरली. मध्ये घोंगडी अंथरली होती, तिच्यावर लाकडी खोकं आलं. मडम गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हातानं ते उघडायला लागली. सुमनताई शेजारी उभ्या. त्यांचा चेहरा आल्यापासूनच उतरलेला होता, पण सारजाबाईचं लक्ष खोक्याकडं.

वर गुंडाळलेला एक मोठा कागद होता. तो पसरला तर जगाचा नकाशा. मुलांनी हातानं काढून रंगवलेला, वर्गात लावलेल्या नकाशाची नक्कल. जागोजाग फोटो चिकटवलेले आणि प्रत्येक फोटोपासून त्या त्या देशापर्यंत लोकरीचा धागा नेलेला. वरच्या अंगाला त्यांच्या स्वतःच्या देशात एक बाई पांढऱ्या शुभ्र चुलीपाशी उभी होती, अंगावर इस्त्रीचे कपडे. आणि खाली हिंदुस्थानापासून निघालेल्या तांबड्या धाग्याच्या टोकाला सारजाबाई होती. खळ्यावरची. फाटका खांदा, सुटलेले केस, शेणाचे हात, आणि तोंड जरासं उघडं, कुणीतरी दचकवल्यासारखं.

सारजाबाईनं कागदाकडं पाहिलं, मग सुमनताईंकडं.

"दुसरा कुटं हाय? वसरीवरचा?"

सुमनताईंनी मडमला विचारलं. मडम सरळपणानं सांगत होती. सुमनताईंनी अर्धंमुर्धं मराठीत केलं आणि मध्येच थांबल्या. सारजाबाई म्हणाली, "सगळं सांगा, ताई. गाळू नका."

मग सुमनताईंनी सगळं सांगितलं. ओसरीवरचा फोटो मडमच्या बहिणीला सणावाराचा वाटला. मुलांना तर माणसं रोजची कशी राहतात ते दाखवायचं होतं. म्हणून खळ्यावरचा घेतला. वर्गात तो धडाच झाला. काही देशांत माणसांपाशी खूप आहे, काही देशांत काहीच नाही. हे असं का, यावर मुलं बोलली. मडमनं त्यांना कळवलं होतं की ही बाई इतकी गरीब असूनही तिनं घरातला शेवटचा नारळ आणि ओंजळभर गहू पाहुणीला देऊन टाकले. ते ऐकून मुलांना राहवलं नाही. त्यांनी घराघरांतून या बाईसाठी हे गोळा केलं.

आत कोनाड्याखाली नारळांची अख्खी पाटी भरलेली होती. सारजाबाईच्या तोंडापर्यंत ते आलं. पण आता ते कुणाला सांगायचं, आणि कशासाठी?

मडम एकेक वस्तू काढत गेली. लोकरीचे पायमोजे, टाचेला रफू केलेले. लहान मुलांचे स्वेटर. साबणाच्या वड्या. दात घासायचे ब्रश. काचेचा एक डोळा गेलेली बाहुली. आणि तळाशी एक निळं ब्लँकेट. ते एका मुलीनं स्वतःच्या अंगावरचं काढून दिलं होतं म्हणे. इंदुताईनं एक मोजा दोन बोटांत धरून वर केला आणि हळूच म्हणाली, "सारजाबाई, थंडीची सोय झाली बरं का तुमची." मागच्या बायकांत कुणीतरी तोंडावर पदर घेतला.

मडमला त्यातलं काही कळत नव्हतं. तिचा चेहरा उजळलेला होता. तिनं ब्लँकेट उलगडून सारजाबाईच्या हातात दिलं, थोडी मागं सरली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. सुमनताई जवळजवळ पुटपुटल्याच, "मुलांना दाखवायला हवाय. तुम्हाला मिळाल्याचा."

सारजाबाईनं ब्लँकेट दोन्ही हातांनी धरलं. मडमचा राग यावा असं त्या बाईच्या तोंडावर काही नव्हतं, म्हणून रागही येईना. सगळ्यांच्या नजरा अंगावर. मान आपोआप खाली गेली आणि काहीतरी करायचं म्हणून ओठाचा एक कोपरा वर गेला. ते हसू तोंडावर येताच तिला कळलं की हे आपलं नाही. हे आपण कुठंतरी पाहिलंय. तिनं डोळे वर केले तर समोर परसाच्या दारात छबूबाई उभी होती, हात राखेनं भरलेले. ती सारजाबाईकडंच बघत होती. दोघींची नजर मिळाली, आणि छबूबाईनं मान दुसरीकडं वळवली.

ती हसली असती, तर सारजाबाईला सोसलं असतं. तिनं मान वळवली ती सारजाबाईची अब्रू झाकायला.

बायका पांगल्या, जीप गेली. खोकं ओसरीवर तसंच पडलं होतं. दोन-चार म्हाताऱ्या अजून टेकल्या होत्या. ते खोकं डोळ्यांआड व्हावं एवढंच सारजाबाईला सुचत होतं, आणि सवयीनं तिच्या तोंडून हाक गेली, "छबू, ये गं हिकडं. ह्ये समदं घिऊन जा तुझ्या पोरांस्नी."

छबूबाई आली, पण हात पुढं केले नाहीत. "नको, आक्का. तुमच्या नावानं आलंय त्ये."

"आगं घे की. दर साली घेतीस."

"घेते," छबूबाई म्हणाली. "घ्यावं लागतंय. पर तुम्ही दिल्यालं लुगडं मी तुमच्या वाड्याला यायचं असलं तरच नेसते. माझं चांगलं हाय घरी एक. त्ये नेसून आले तर तुम्हाला बरं दिसायचं न्हाई, म्हनून ठिवते."

आवाजात ठसका नव्हता. जे आहे ते सांगावं तसं ती बोलली, राहिलेली भांडी घासली आणि कुंकू न लावताच गेली.

खोकं माळ्यावर गेलं. गोष्ट मात्र गावभर झाली, आणि गावाबाहेरही. हिंदुराव कांदे घेऊन चाकणच्या बाजाराला गेले तेव्हा एक अडत्या म्हणाला की आता तुम्हाला काय, विलायतेतून कापडं येतात. हिंदुरावांनी घरी येऊन बैल सोडले, पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "तुला फोटो काढायला कुनी सांगितलं व्हतं?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तेच तिला जास्त लागलं. नानासाहेबांनी चावडीवर म्हटलं म्हणे की स्वराज्याला दहा वर्षं होत आली आणि एका बाईनं देशाची लाज काढली. सारजाबाई पाण्याला दुपारी जाऊ लागली, विहिरीवर कुणी नसताना.

एकदा सुमनताई टोचायला आल्या तेव्हा सारजाबाईनं त्यांना आत बोलावून दार लोटून घेतलं आणि विचारलं, "ताई, आमी गरीब हाय का?"

सुमनताई म्हणाल्या की तिकडच्या मानानं बघितलं तर... आणि पुढं त्यांना नीट सांगता येईना. तिकडं म्हणे सगळ्यांच्या घरी नळ आहेत, पोरं सहसा दगावत नाहीत. सारजाबाईची मधली दोन पोरं दगावली होती. तिनं ते कधी गरिबीच्या खात्यात धरलं नव्हतं. देवाची मर्जी म्हणून सोडून दिलं होतं.

"मला वाटायचं, गरीब म्हंजी छबू," ती म्हणाली.

छबूबाई त्या दिवसापासून कामाला आली नव्हती. सारजाबाईच्या मनातून तिचं बोलणं जाईना. वाड्याला यायचं असलं तरच नेसते. म्हणजे या बाईनं इतकी वर्षं आपल्यासाठी फाटकं नेसलं होतं. आपल्याला दाता व्हायचं होतं म्हणून ती भिकारीण होत होती. शेवटी माघात एक दिवस तिनं ठरवलं. ट्रंकेतलं कोरं इरकली लुगडं काढलं, फडक्यात बांधलं, पदराखाली धरलं आणि कुणाला न सांगता पिंपरीकडचा रस्ता धरला. या वेळी अंगणात बोलवायचं नाही, चारचौघींत द्यायचं नाही. तिच्या घरी जायचं, बसायचं, तिची चौकशी करायची. वाटेनं जाताना तिला बरं वाटत होतं. हे बरं वाटणंही तिच्या ओळखीचं होतं, पण तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

माळावरच्या खोपट्यांत तिनं विचारत विचारत छबूबाईचं खोपट शोधलं. दाराला पोत्याचा पडदा. बाहेर बाभळीवर एक निळं धुतलेलं लुगडं वाळत होतं, काठ धड, रंग न उडालेलं. सारजाबाईनं हाक मारली की नाही हे तिला नंतर आठवेना. पडदा तिनं बाजूला सारला एवढं खरं.

आत छबूबाई अंगाभोवती गोधडी गुंडाळून चुलीपाशी बसली होती. लुगडं वाळेपर्यंत तिला नेसायला दुसरं धड काही नव्हतं. सारजाबाईनं दिलेलं जुनेर फाडून त्याची पोराला झोळी केलेली दिसत होती. केस ओले, सुटलेले. चुलीवर मडक्यात पाण्यात शिजवलेल्या कण्या होत्या. पडदा हलताच छबूबाईनं दचकून वर पाहिलं, तोंड जरासं उघडं. मग एका हातानं गोधडी गळ्याशी ओढली आणि दुसऱ्या हातानं मडक्यावर झाकण सारलं.

सारजाबाईला खटका ऐकू आल्यासारखं झालं. खळ्यावर आपण असंच वर पाहिलं होतं. मडमनं निदान दारात जीप उभी केली होती. आपण तर सरळ पडदाच ओढला. आणि आलो कशाला? ही राहते कशी, ते बघायला.

तिनं पडदा सोडला आणि पाठ करून बाहेर दगडावर बसली. निघून जावं असं वाटत होतं, पण तसं जाणं म्हणजे पाहून, तोंड फिरवून जाणं झालं असतं. मग पडद्याआडून छबूबाई म्हणाली, "च्या नसंल, आक्का. गूळ संपलाय."

"नको. मी अशीच आले." सारजाबाई म्हणाली, "चुकलं माझं."

"असू द्या."

मग दोघी एकमेकींचं तोंड न बघता बोलल्या. सारजाबाईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं की तुझं गाव कसं गं. छबूबाईनं सांगितलं. घर होतं, सासऱ्याची विहीर होती, मोटेचं पाणी होतं. विहीर आटली, बैल चाऱ्यावाचून मेले, सासराही गेला. तिच्याही ओसरीवर संक्रांतीला बायका यायच्या. "आमच्यात वान लुटायला गावातल्या समद्या यायच्या," ती म्हणाली. "मी पन एका बाईला भांडी घासायला बोलवायची. तिचं नाव आता ध्यानात येत न्हाई."

निळं लुगडं वाळलं तसं सारजाबाईनं ते बाभळीवरून काढून पडद्याच्या फटीतून आत दिलं. छबूबाई नेसून बाहेर आली. पदराखालचं गाठोडं सारजाबाईनं आणखी आत ओढून घेतलं. तिच्या हाताकडं छबूबाईची नजर गेली होती. सारजाबाई उठली आणि चालू लागली. घरी आल्यावर हिंदुरावांनी विचारलं की गाठोड्यात काय. "काय न्हाई," म्हणून तिनं ते लुगडं परत ट्रंकेत टाकलं. पुढं ते तिला नेसवेना आणि कुणाला देववेनाही.

मडम त्या उन्हाळ्यात तिच्या देशाला परत गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा सारजाबाईनं तिला चहा दिला, पण ओटी भरली नाही. ब्लँकेट धरलेला फोटो तिकडं पोचला असणार. तो तिनं कधी पाहिला नाही. कुठल्याशा गावी, बर्फातल्या एका शाळेत, आपण मान खाली घालून हसतोय आणि पोरं खूश होतायत, हे मात्र तिला काम करता करता दिसायचं. मग हातातलं काम तसंच राहायचं. हळदीकुंकू तिनं मोडलं नाही. मोडलं असतं तर लोकांना आणखी एक विषय मिळाला असता. पण "माझ्या दारातनं" हे बोलणं तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. तूप द्यायचं झालं तर ती अंधूक उजेडात मागच्या दारानं द्यायची, आणि देताना समोरचीच्या तोंडाकडं बघायची नाही.

माळ्यावरचं खोकं सुमनताईंनी दवाखान्यासाठी मागून नेलं. साबण आणि स्वेटर त्यांच्या कामी आले.

अठ्ठावन्न साली भोसरीच्या आठवडी बाजारात सारजाबाई गवारीचा वाटा घेऊन बसली होती. गर्दीतून छबूबाई येताना दिसली. तिला कारखान्यात बाटल्या धुवायच्या खात्यात कायमचं काम लागल्याचं कानावर आलं होतं. अंगावर नवं लुगडं, पायात चपला, चालणं ताठ. सारजाबाईनं पदर पुढं ओढला आणि पाटीतली गवार उगाच वरखाली करू लागली. आपल्याला बघून तिनं पुढं जावं असं तिला वाटत होतं, आणि गेली तर काय, याचीही भीती वाटत होती.

छबूबाई समोर येऊन उकिडवी बसली. "आक्का, वळखलं न्हाई व्हय?"

"वळखलं की."

छबूबाईनं गवार घेतली, कोवळी बघून, शेंगा मोडून बघत. घासाघीस केली आणि सारजाबाईनंही केली. हे दोघींमध्ये पूर्वी कधी झालं नव्हतं. छबूबाईला आता वसाहतीच्या मागं पत्र्याची खोली मिळाली होती. पोरगं शाळेत जात होतं. बोलून झाल्यावर ती उठली, पिशवी काखेला लावली.

सारजाबाईच्या तोंडाशी बरंच काही आलं. त्यातलं काहीच नीट निघेना. मग ती म्हणाली, "छबूबाई, एक दिस तुमच्याकडं यावं म्हनते. कधी येऊ?"

सारजाबाईच्या तोंडून अहो-जाहो ऐकून छबूबाई क्षणभर थबकली. पाळीचं काम होतं तिचं. या आठवड्यात सकाळपाळी, पुढच्यात दुपारपाळी.

"बघते," ती म्हणाली. "सुट्टी कधी पडतीय त्ये बघून निरोप धाडते."

"बरं. निरोप आला मंगच येते," सारजाबाई म्हणाली.

छबूबाई गर्दीत मिसळली. दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि गवारीचा भाव विचारू लागलं. सारजाबाईला तो पटकन सांगता येईना.